मायचं छत्तीस, माझं अडतीस

देवपूर, धुळे
बुधवार

प्रिय रत्ना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: सगळे जिवंत आहेत, हितेंद्रची नोकरी शाबूत आहे आणि माझा गुडघा होता तसाच दुखतो आहे. मग फोन असताना अक्काने ही पानं का भरली? कारण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस, आणि पहूरच्या तुझ्या त्या स्वयंपाकघरात तुझी जाऊ, तिची सून आणि दाराशी आलेला दूधवाला असे सगळे मिळून माझं बोलणं ऐकतात. गेल्या महिन्यात दोनदा मी विषय काढला. पहिल्यांदा तू म्हणालीस, "अक्का, आवाज तुटतोय गं." दुसऱ्यांदा म्हणालीस, "थांब, कुकर उतरवते." त्याआधी दोनच मिनिटं तू मला सांगितलं होतंस की सकाळपासून गॅस संपलाय आणि सिलिंडरची वाट बघतेयस. पत्राला ना स्पीकर ना कुकर. दार लावून घे, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून धान्याच्या डब्यात लपवू नकोस.

विषय रूपाचा आहे, हे तुला कळलंच असेल. गेल्या महिन्यात ती इथल्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा घ्यायला आली आणि दुपारी माझ्याकडे जेवली. एकतीस वर्षांची तुझी पोरगी, रसायनशास्त्राची प्राध्यापिका, पण भरीत दिसलं की अजून जमिनीवर मांडी घालून बसते. जेवताना हसत हसत सांगत होती. पाळी चार महिने आली नाही, मग आली, मग पुन्हा दोन महिने पत्ता नाही. म्हणून जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक रकाना होता: आईची पाळी कितव्या वर्षी बंद झाली? तिने तिथूनच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "सगळ्यांची जाते तशीच, पन्नाशीला. काय मेलं विचारतात!" तिने पन्नास लिहिलं. खाली मावशीचा रकाना होता, तिथेही अंदाजाने पन्नासच लिहून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ते आकडे बघितले, पीएच.डी.ची धावपळ ऐकली आणि म्हणाल्या, ताण असेल, सहा महिने बघू. त्यांनी कागदावर होतं त्यावरून सांगितलं, त्यांची काही चूक नाही. आणि रूपा खूश! मला म्हणते, "मावशी, प्रबंध दिला की मग बाळाचं बघू. ललितपण म्हणतो घाई कसली, दोन-तीन वर्षं आहेत की हातात."

ती दोन-तीन वर्षं हातात आहेत की नाहीत, याची शंका त्या क्षणी या जगात दोनच बायकांना होती. एक हे पत्र लिहिते आहे आणि दुसरी ते वाचते आहे. रूपाला मूल हवं आहे, तिने नावंसुद्धा ठरवून ठेवली आहेत, आणि आपण दोघी तिच्या वेळेवर हात ठेवून गप्प बसलो होतो. माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती म्हणाली, "मावशी, तिखट झालं का?" मी हो म्हणाले.

आता तू म्हणशील, आली भाषणवाली. म्हण. पस्तीस वर्षं मी माईकपुढे उभी राहिले, महिला मेळावे घेतले, हुंड्यावर बोलले, दारूवर बोलले, बाईने चार दिवस बाजूला बसण्यावर तर इतकं बोलले की दोंडाईच्याला एका गृहस्थाने सभेत उठून मला विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरात कोणी बसतच नाही का?" मी त्याला टाळ्यांच्या कडकडाटात खाली बसवलं. पण खरं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलं नाही. माझ्या घरात एक बाई बसायची. नऊ वर्षं बसली. आणि त्या नऊ वर्षांत तिला एकदाही पाळी आलेली नव्हती.

तू तेव्हा सातवीत होतीस. मी दहावीत. माझी फडकी मी गोठ्यामागे वाळत घालायची आणि मायची फडकी कोनाड्यात गाठोड्यात असायची. एक दिवस मला कमी पडली म्हणून मी तिचं गाठोडं सोडलं. त्यात पालीची अंडी होती, रत्ना. फुटून वाळलेली टरफलं. कित्येक महिने त्या गाठोड्याला कोणाचा हात लागला नव्हता. आणि माय त्याच वेळी मागच्या पडवीत गोणपाटावर बसलेली, तांब्या वेगळा, थाळी वेगळी. मी अंडी हातात धरून तिच्यापुढे उभी राहिले. मला वाटलं ती मारेल. तिने आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "पोरी, हाई कोनले सांगू नको. माले बसू दे." मग मला जवळ घेतलं, शिवाशिव होईल हेही विसरली. अर्थात, विसरायला होतं काय त्यात!

तेव्हा तिचं वय होतं छत्तीस. तुझ्यानंतर तिला दिवस गेलेच नव्हते. घरात दोन पोरी, आणि ताईबाई आजी रोज ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "जमीन शे, बैल शे, वारस नई. आसं चालनं तं लोटनले दुसरी करी देसूत." तिचा तो लोटन, म्हणजे आपले आबा, कधी हो म्हणाले नाहीत, पण नाही म्हणालेलंही मी ऐकलं नाही. आईपुढे त्यांचं तोंड फक्त जेवायला उघडायचं. शिंदखेड्याकडची एक मुलगी बघूनही झाली होती. दुसरी बायको आणायला कायद्याची बंदी होती, पण कायदा आपल्या गावच्या बसमध्ये बसून अजून आलेला नव्हता. मायला एवढंच कळलं होतं की जोवर ती महिन्याला बाजूला बसते तोवर आशा आहे, आणि आशा आहे तोवर सवत येणार नाही. म्हणून तिने कॅलेंडरवर तारखा मोजून नाटक सुरू केलं. एकही प्रयोग रद्द झाला नाही. ताईबाई करवादायची, "बसनी का वं? आते चार दिन भाकरी कोन थापी, मी?" आणि माय पदर तोंडावर घ्यायची. आपल्याला वाटायचं लाजते. मी जवळून बघितलंय, कधी कधी ती हसायची. एकदा तर वीस दिवसांतच दुसऱ्यांदा बसली, कारण भाऊबंदांकडे लग्न होतं आणि तिला त्यांच्याकडे राबायला जायचं नव्हतं.

नव्वद साली ताईबाई गेली. तेरावं झालं. पुढच्या महिन्यात माय बाजूला बसली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. घरात कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. नऊ वर्षं जिच्या भीतीने सगळं चाललं होतं ती गेली, आणि प्रेक्षकच नाही म्हटल्यावर खेळ मुकाट्याने बंद झाला. तुझं लग्न त्याच वर्षीचं. मी तुला हे कधी सांगितलं ते आठवतंय? मायच्या वर्षश्राद्धाला, पंगत उठल्यावर, आपण दोघी परातीत हात घालून भांडी घासत होतो तेव्हा. तू राखेचा हात तसाच ठेवून म्हणालीस, "बिचारी." आणि मग फार वेळ एकच तांब्या घासत राहिलीस. तेव्हा मला वाटलं, तुला मायची कीव आली. आज मला तसं वाटत नाही.

मायचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. पडली कुठून? ओट्याच्या एका पायरीवरून. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, पाळी कधी गेली? माय म्हणाली, "पंचेचाळीस-शेहेचाळीस." मी तिच्या उशाशी उभी होते, एमए बीएड, आणि गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, चमत्कारिक आहे, हाडं पंचाहत्तरीच्या बाईची वाटतात. चमत्कारिक काही नव्हतं. पाळी फार लवकर गेली की हाडांना आणि काळजाला जे संरक्षण मिळतं तेही लवकर जातं, आणि त्यावर औषधं असतात, ती वेळेवर घ्यायची असतात. मायने खरं वय सांगितलं असतं तर पुढची सात वर्षं तिची अशी लंगडत गेली नसती, निदान काही कमी लंगडत गेली असती. डॉक्टरपुढे खोटं बोलायची सुरुवात आपल्या घरात तिथे झाली, आणि पहिली साक्षीदार मी आहे.

दुसरी खोटं बोलणारीही मीच. माझी अडतिसाव्या वर्षी गेली. हितेंद्र तेव्हा अकरा वर्षांचा, आणि आम्हाला दुसरं हवं होतं. मला मुलगी हवी होती, हे तुला माहीत आहे. मी तीन वर्षं थांबले होते. आधी पदोन्नतीची परीक्षा होऊ दे म्हणून, मग नवं घर होऊ दे म्हणून. घर झालं, परीक्षा झाली, आणि एक दिवस लक्षात आलं की आता थांबण्यासारखं काही उरलेलंच नाही. मी काय केलं? शिक्षक खोलीत महिन्यातून एकदा पोटावर हात धरून "आज जरा बरं नाही" म्हणायला लागले. मेडिकलमधून पाकीट आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि कपाटात रचून ठेवायचे. हितेंद्रच्या वडिलांना दीड वर्षाने सांगितलं. बाजूला बसण्याविरुद्ध जिल्हाभर भाषणं करणारी मी, मायचंच नाटक पँट-शर्ट घालून करत होते म्हण ना! फरक एवढाच की मायला सवतीची भीती होती. मला कसली होती? कोणी मला म्हातारी म्हणेल याची. इतकी हलकी भीती, आणि तिच्यापायी मी केवढं ओझं वाहिलं.

त्याच काळात एका गावी महिला दिनाचं भाषण झालं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठली. बारीक, चौतीस-पस्तिशीची. म्हणाली, "ताई, लवकर गेली तं काय समजावं? कोनले दाखवावं?" सगळ्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिला उभं राहायला किती धैर्य लागलं असेल! मला उत्तर येत होतं. "मलाही तसंच झालंय, आपण दोघी मिळून डॉक्टरकडे जाऊ," एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणाले, "प्रत्येक स्त्रीचं शरीर वेगळं असतं, आपण त्याचा अभिमान बाळगला पाहिजे." टाळ्या पडल्या. ती बाई खाली बसली. त्या टाळ्या अजून माझ्या पाठीत बसलेल्या आहेत.

शेहेचाळिसाव्या वर्षी थायरॉइडसाठी इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा घराबाहेर पहिल्यांदा खरं बोलले. त्यांनी लगेच विचारलं, आईचं? बहिणीचं? मुलगी आहे का? भाची? त्यांनी मला समजावलं, आणि मग माझा स्वभाव तुला माहीत आहे, मिळेल ते सगळं वाचून काढलं. बाईची पाळी कधी थांबणार यात निम्म्याच्या आसपास वाटा जन्मतः मिळालेल्या गुणांचा असतो. बाकीचं तंबाखू, आजार, ऑपरेशन, खाणंपिणं. एकच एक गुण नव्हे, लहानमोठे शेकडो मिळून ते वेळापत्रक ठरवतात, आणि ते आईकडून येतात तसे वडिलांकडूनही येतात, म्हणून चांगले डॉक्टर आत्याचंही वय विचारतात. आपल्याकडच्या बायकांची साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते. चाळिशीच्या आत शंभरात एखाद-दोघींची जाते. पण ज्या मुलीच्या आईची किंवा मावशीची तशी गेली असेल तिच्याबाबतीत ती शक्यता कितीतरी पटींनी वाढते. वाढते म्हणाले, ठरतेच असं म्हणाले नाही. रूपाला ते मिळालं असेल किंवा नसेलही. ते शोधायला रक्ताची साधी तपासणी आहे, बीजांचा साठा किती शिल्लक आहे याचा त्यातून अंदाज येतो. मात्र तपासणी लिहून द्यायची की नाही हे डॉक्टरीणबाई कशावरून ठरवणार होत्या? त्या रकान्यावरून, जिथे पन्नास लिहिलं होतं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा वाचली आणि पुस्तक मिटून बसले. मुलीच्या पोटातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे तू मायच्या पोटात होतीस तेव्हा, ज्यातून पुढे रूपा झाली ते बीज तुझ्यात तयार झालेलं होतं. सातव्या महिन्यापर्यंत माय कापूस वेचायला जायची, ताईबाई तिला बसू देत नव्हती. त्या वावरात तुम्ही तिघी होतात. नात आजीच्या ओटीत होती, आणि आपण नातीलाच आजीचं वय सांगायला लाजतो!

कोणी म्हणेल हा शाप आहे. मी म्हणते, ही घराण्याची माहिती आहे, जसा साखरेचा आजार असतो, जसे आबांचे निळे डोळे होते. आबांच्या डोळ्यांबद्दल तू जावेलासुद्धा कौतुकाने सांगतेस. मग हे सांगताना जीभ का अडते? लाज वाटण्यासारखं मायने काही केलेलं नव्हतं, मी नव्हतं, आणि तूही नव्हतं.

हो, तू. आता मी तुझ्याकडे येते. तू मला कधी काही सांगितलं नाहीस, पण मी डोळे मिटून फिरत नाही. २००८ चा डिसेंबर आठव. तू माझ्याकडे राहायला आलीस. त्या आठवड्यात धुळ्याला पारा सहावर उतरला होता, गल्लीत सकाळीसुद्धा शेकोट्या पेटत होत्या. आणि तू स्वयंपाकघराच्या फरशीला पाठ टेकून, ओला नॅपकिन मानेवर ठेवून, पदराने वारा घेत मला म्हणालीस, "अक्का, तुमच्या धुळ्याला थंडी कसली ती नाहीच." पाच वर्षांपूर्वी, पाळी जाताना अंगातून गरम वाफा निघायच्या तेव्हा, मीही त्याच फरशीवर तशीच बसलेली होते. तू तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होतीस. मी विचारलं, "रत्ना, तुझं सगळं नियमित आहे ना?" तू म्हणालीस, "घड्याळ लावून घे."

आणि मग पहूरचा कानबाईचा सण. तू पंचेचाळिशीची. श्रावणातला रविवार, तुझ्या सासरचे सगळे भाऊबंद जमलेले, देवीच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू दळून आलेला, अंगणात बायका फुगड्या घालतायत, आणि तू मागच्या खोलीत सतरंजीवर. कानबाईला तू किती जपतेस ते मला माहीत आहे. वर्षभर तू त्या एका दिवसाची वाट बघतेस. मी आत आले तर तू गाण्याच्या ठेक्यावर गुडघ्यावर बोटं वाजवत होतीस. म्हणालीस, "नेमकं आजच आलं बघ." रत्ना, त्या क्षणी तुला हाताला धरून अंगणात ओढत न्यावंसं वाटलं होतं. पण बाहेर तुझी सासू होती, ब्याण्णव वर्षांची आणि ठणठणीत, आणि रूपानंतर तुला मुलगा झाला नाही हे ती अजून दर सणाला मोजून दाखवायची. मायला निदान ताईबाई लवकर सुटका देऊन गेली. तुझ्या वाट्याला फार मोठा प्रयोग आला. कितव्या वर्षी सुरू केलास? छत्तीस? सदतीस? सख्ख्या बहिणीलाही तू ते सांगितलं नाहीस. मी रागावले नव्हते. मीही तुला माझं कुठे सांगितलं होतं? तुला तेही हितेंद्रच्या वडिलांकडून कळलं.

दोन वर्षांपूर्वी रूपाची सोयरीक ठरताना तू माझा हात धरून वचन घेतलंस. म्हणालीस, "अक्का, त्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील या घरातल्या बायका लवकर वाळतात. तुला मायची शपथ." मी शपथ घेतली. ती चूक होती, आणि तुझ्यापेक्षा माझी मोठी, कारण मला सगळं माहीत होतं. आपण जावईबापूंना ओळखलंच नाही. आपण अजून आबांच्या ओट्यावरच उभ्या होतो आणि समोर ताईबाई बसलीय असंच धरून चाललो. तुझी भीती खोटी नव्हती. ती जुनी होती, आणि आपण ती रूपाच्या रुखवतात बांधून दिली.

म्हणून आता ऐक, हे पत्र मी तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. त्या दुपारी ताटावरून उठायच्या आधीच मी शपथ मोडली. रूपाला मायचं छत्तीस सांगितलं, माझं अडतीस सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेली, दोन्ही आकडे खोडून नवे लिहिले, तपासणी झाली. साठा वयाच्या मानाने कमी आहे, रत्ना. कमी आहे, संपलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दोन-तीन वर्षं थांबू नका, आजपासून बघू या, आणि आशा चांगली आहे. ललित म्हणाला, "प्रबंध कपाटात थांबतो, त्याचं वय होत नाही." तुझा जावई सोनं आहे. रूपा एकदाच रडली, आणि स्वतःसाठी नव्हे. म्हणाली, "मावशी, आईने हे एकटीने कसं काढलं गं?" तुझ्यावर रागावलेली नाही, पण फोनवर तिला तुला विचारवत नाही, म्हणून तिनेच मला सांगितलं, तू आईला लिही. फॉर्मवर तुझा रकाना तिने अजून रिकामा ठेवलाय. तो मी भरू शकत नाही, कारण मला माहीतच नाही. रविवारी दोघं पहूरला येतायत. दार उघडशील तेव्हा तिला विचारायला लावू नकोस. ती चपला काढत असतानाच, जाऊ ऐकत असली तरी, मोठ्याने वय सांग. पाणी आणि चहा मग दे.

तुझीच, शपथ मोडून मोकळी झालेली,
अक्का